मुलांस भिवविणारें सृष्टिज्ञान

सृष्टींतील विलक्षण व भयप्रद गोष्टी मुलांस सांगणारीं पुस्तकें हल्लीं गिरगांव-दादरच्या दुकानांत पुष्कळ दृष्टीस पडतात. मुलांस थोडें भिवविण्यास आमची हरकत नाहीं. अंगावर कांटा आला म्हणजे पोर उत्सुकतेनें पान उलटतें. परंतु यांतील बहुतेक पुस्तकें कांटा आणून तेथेंच थांबतात.

मुंबईकर मुलाच्या ओळखीच्या समुद्राचेंच उदाहरण घेऊं. २०२० च्या नोव्हेंबरांत जुहूच्या लाटा रात्रीं निळ्या चकाकल्या. 'समुद्र पेटला!' एवढें सांगून असला लेखक मोकळा होतो. वस्तुतः तो उजेड नॉक्टिल्यूका नामक एकपेशीय जीवांचा. पाणी ढवळलें कीं त्यांच्या पेशींतील ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशीं संयोग होऊन क्षणभर प्रकाश पडतो. उष्णता जवळजवळ नाहींच. ठिपक्याएवढा जीव धक्का लागतांच उजळतो, हें कोणत्या भुताहून कमी अद्भुत आहे? त्यांची बेसुमार वाढ झाली तर पाण्यांतील प्राणवायु घटून मासे मरूं शकतात. खरें भय येथें आहे, आणि नेमकें तेंच गाळलें जातें.

बाळशास्त्री जांभेकरांनीं १८४० सालीं याच मुंबईंत 'दिग्दर्शन' मासिक काढून शास्त्रीय विषय मराठींत आणले, तेव्हां शब्दसुद्धां घडवावे लागत. आजच्या लेखकांस ती सबबही उरलेली नाहीं.