पूर्वसूरींचा उलटा प्रवास : ‘स्त्रीपुरुषतुलना’संबंधी काही विचार

रूढी झुगारणारी व्यक्ती समाजाचे संकेत बदलते, हे विधान मराठी समीक्षेत इतके सरावाचे झाले आहे की त्यातील ‘बदलते’ या क्रियापदाची तपासणी सहसा होत नाही. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (1882) या पुस्तकाबाबत मात्र ती टाळता येत नाही. आद्य स्त्रीवादी लेखन म्हणून आज ज्याचा निर्देश होतो, ते हे पुस्तक 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत जवळजवळ विस्मृतीत गेले होते. मधल्या 93 वर्षांत विवाह, वैधव्य, स्त्रीशिक्षण यांविषयीचे संकेत पुष्कळ बदलले; पण त्या बदलांच्या वाटेवर या पुस्तकाच्या खुणा शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

पुस्तकाचे निमित्त परिचित आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेला 1881 मध्ये बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावली गेली. पुढे ती सौम्य करण्यात आली. त्यानिमित्ताने समस्त स्त्रीजातीच्या चारित्र्याची जी चिकित्सा सुरू झाली, तिला बुलढाण्याच्या ताराबाईंनी उत्तर दिले. हे उत्तर सुधारकी युक्तिवादाच्या चौकटीत बसणारे नव्हते. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते शास्त्राधार शोधत होते, अनुकंपेला आवाहन करीत होते. ताराबाई स्त्रियांवर लादलेला एकेक दोष उचलतात आणि पुरुषांना समोर उभे करून तो त्यांच्या पदरात टाकतात. त्यांची भाषा घरातल्या भांडणाची, तिखट, उपरोधाने भरलेली आहे. सभ्य निबंधाचा संकेत त्या आशयाइतकाच शैलीनेही मोडतात, आणि तत्कालीन वाचकाला बहुधा हेच अधिक बोचले असावे.

सत्यशोधक वर्तुळातही पुस्तकावर टीका झाली. 1885 मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात जोतीराव फुले यांना आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. बंडखोरांच्या गोटालाही स्वतःचे संकेत असतात, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यायला हवी. ताराबाईंचे दुसरे पुस्तक ज्ञात नाही.

1975 हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. स्त्रीमुक्तीची चळवळ आकार घेत असताना तिला पूर्वपरंपरा हवी होती, आणि या पुस्तकात ती गवसली. म्हणजे व्यक्तीने समूहाला घडवण्याऐवजी येथे समूहाने, आपल्यात बदल घडू लागल्यावर, व्यक्तीला पूर्वसूरी म्हणून घडवले. यात ताराबाईंना कमीपणा येत नाही. ‘प्रभाव’ या संज्ञेची दिशा तेवढी उलटी होते. मात्र या उलट्या प्रवासाची किंमतही मोजावी लागते. चळवळीच्या वाचनात पुस्तकातला संताप उठून दिसतो. पातिव्रत्याच्या आदर्शाशी असलेले ताराबाईंचे संदिग्ध नाते (त्या त्याची खिल्ली उडवतात, पण त्याच्या पूर्ण बाहेर जात नाहीत) अडगळीत पडते.

त्याहूनही अधिक दुर्लक्ष होते ते त्यांच्या साहित्यविचाराकडे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांसारख्या तत्कालीन लोकप्रिय कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणाचा त्या समाचार घेतात. स्त्रीविषयीचे संकेत धर्मग्रंथांइतकेच रंजक गद्यातूनही रुजतात, हे त्यांनी ओळखले होते. मराठी कादंबरी जेमतेम पंचवीस वर्षांची असताना लिहिली गेलेली ही पाने कादंबरीसमीक्षेच्या इतिहासात क्वचितच मोजली जातात. समीक्षेचा पूर्वसूरी म्हणून ताराबाईंचा शोध घेण्याची गरज अद्याप कोणत्याही गोटाला भासलेली दिसत नाही.