प्रीफेक्टचे काम, द्यूपँचे नाव : वस्तुशोधाच्या संगणकीय खेळातील रहस्यकथा

रहस्यकथेला मराठी समीक्षेने वाङ्मयाच्या ओसरीपर्यंत येऊ दिले, माजघरात मात्र प्रवेश दिला नाही. 'झुंझार', 'काळा पहाड', 'धनंजय' अशा नायकांच्या हजाराहून अधिक छोटेखानी कथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांची (निधन १९९६) 'लोकप्रिय' या एका विशेषणावर बोळवण करण्याची रीत रूढ राहिली. त्यामुळे या वाङ्मयप्रकाराच्या घटनेचा विचार मागे पडला आणि आज त्याच घटनेवर हक्क सांगणारा एक नवा प्रकार वाचकाच्या हातातील फोनवर अवतरला असता त्याची चिकित्सा करण्याची परिभाषाही हाताशी उरली नाही. 'हिडन ऑब्जेक्ट' या नावाने ओळखला जाणारा गुप्तहेरी खेळ हा तो प्रकार होय. 'मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल' (२००५) या खेळापासून त्याला मोठा खेळाडूवर्ग लाभला, पुढे 'क्रिमिनल केस' (२०१२) हा खेळ फेसबुकवरून आणि नंतर फोनवरून घरोघर पोहोचला. हा प्रकार रहस्यकथेचे कोणते अंग स्वीकारतो आणि कोणते गाळतो, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

खेळाची रचना वरवर पाहता साधी आहे. पडद्यावर एक अडगळीने भरलेले दृश्य दिसते. त्याखाली वस्तूंच्या नावांची यादी असते. खेळणाऱ्याने ती ती वस्तू हुडकून तिच्यावर बोट ठेवावयाचे असते. वस्तू सापडली की ती दृश्यातून नाहीशी होते आणि तिचे नाव यादीतून वगळले जाते. यादी संपली की तपास एक पाऊल पुढे सरकतो. कथेच्या दृष्टीने खेळणारा हा गुप्तहेर असतो. कृतीच्या दृष्टीने तो काय असतो, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी एडगर अ‍ॅलन पोच्या 'द पर्लॉइन्ड लेटर' (१८४४) या कथेकडे वळणे उपयुक्त ठरेल. झॉक लाकांच्या विवेचनामुळे सिद्धान्तचर्चेत अढळ स्थान मिळवलेल्या या कथेत शोधाच्या दोन पद्धती समोरासमोर उभ्या आहेत. पॅरिसच्या पोलिसांचा प्रमुख, म्हणजे प्रीफेक्ट, मंत्र्याच्या घराचे कप्पे पाडून इंच न् इंच तपासतो, गाद्यांत सुया खुपसतो, मेजांचे वरचे भाग काढून पाहतो. तरीही पत्र त्याला मिळत नाही. द्यूपँ मात्र मंत्र्याच्या मनाचा विचार करतो आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवलेले ते पत्र ओळखतो. प्रीफेक्टचा शोध जागेचा आहे, द्यूपँचा शोध अर्थाचा आहे. वस्तुशोधाचा खेळ आपल्या खेळणाऱ्याला नाव द्यूपँचे देतो आणि काम प्रीफेक्टचे देतो. अधिक नेमकेपणाने बोलावयाचे तर प्रीफेक्टच्या पद्धतीला यश मिळेल अशा जगाची तो निर्मिती करतो.

या अदलाबदलीचा पहिला परिणाम 'खूण' या संकल्पनेवर होतो. कार्लो गिन्झबर्ग याने १९७९ च्या आपल्या निबंधात चित्रातील कानांच्या रेखाटनावरून चित्रकार ओळखणारा मोरेल्ली, क्षुल्लक लक्षणांवरून मनाचा ठाव घेणारा फ्रॉइड आणि शेरलॉक होम्स यांना एका सूत्रात गुंफले. क्षुद्र तपशिलावरून अदृश्याकडे जाणे हे ते सूत्र. भालबा केळकरांच्या अनुवादांतून होम्स वाचलेल्या मराठी वाचकालाही ही रीत परिचित आहे. खुणेचे वैशिष्ट्य असे, की ती खूण आहे हे आधी कोणी सांगितलेले नसते. ते ओळखणे हाच गुप्तहेराच्या प्रतिभेचा भाग होय. खेळात ते आधीच सांगितलेले असते. शिवाय यादीतील छत्री, टाचणी किंवा फुलपाखरू यांचा गुन्ह्याशी सहसा काहीच संबंध नसतो.

रोलां बार्थने 'वास्तवाचा आभास' (१९६८) या संकल्पनेची मांडणी करताना फ्लोबेरच्या कथेतील पियानोवरच्या वायुभारमापकाचे उदाहरण घेतले होते. कथानकाला निरुपयोगी असलेली ती वस्तू केवळ 'हे वास्तव आहे' एवढेच सांगण्यासाठी तेथे असते. खेळातील वस्तूही कथानकाला निरुपयोगी आहेत. परंतु त्या वास्तवाची ग्वाहीसुद्धा देत नाहीत. 'क्रिमिनल केस'मध्ये तपासासाठी लागणारे तारे मिळवण्याकरिता एकाच घटनास्थळी पुनःपुन्हा जावे लागते. 'कशालाही हात लावू नका' हा रहस्यकथेतील घटनास्थळाचा आद्य नियम येथे उलटा झाला आहे : हात लावल्याशिवाय तपासच होत नाही. इतकेच काय, अखेरीस खुनी ओळखण्याची क्रियाही यादीचीच असते. खुन्याची जमा झालेली लक्षणे आणि संशयितांची वैशिष्ट्ये यांचा ताळा जमवला की आरोपी सापडतो. हेतूची कबुली नंतर येते. निष्कर्षाला तिची गरज पडलेली नसते.

दुसरा परिणाम उत्कंठेवर होतो. 'एस/झेड'मध्ये (१९७०) बार्थने दाखविल्याप्रमाणे रहस्याचा संकेत विलंबावर जगतो. प्रश्न उभा करून उत्तर लांबणीवर टाकणे हे कथनाचे कौशल्य. 'क्रिमिनल केस'मध्ये हा विलंब घड्याळाकडे सोपविलेला आहे. प्रयोगशाळेच्या अहवालासाठी खरोखरीचे तास मोजावे लागतात; दृश्यात शिरण्यासाठी लागणारी ऊर्जा संपली की थांबावे लागते, किंवा पैसे मोजावे लागतात. उत्कंठा कथनाच्या हातून निसटून व्यवहाराच्या हाती गेली आहे.

तथापि एवढ्यावर या खेळाला हीन ठरवून मोकळे होणे म्हणजे अर्नाळकरांच्या बाबतीत झालेला अन्याय पुन्हा करणे होय. या प्रकाराचे आकर्षण समजून घ्यावयाचे तर तो कोठे आणि केव्हा खेळला जातो ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी मुंबईच्या उपनगरांइतके बोलके उदाहरण दुसरे नाही. बोरिवलीहून चर्चगेट किंवा मुलुंडहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा धिम्या लोकलचा साधारण तासाभराचा प्रवास. ८ जून २०१४ पासून घाटकोपर आणि अंधेरी यांना जोडणाऱ्या मेट्रोचा त्याहून तोकडा. वाचनालयातून भाड्याने आणलेली छोटेखानी रहस्यकथा अशा प्रवासात वाचून होई आणि तिचे रहस्यही उलगडे. खेळ तो काळ आणखी बारीक चिरतो : दोन स्थानकांच्या दरम्यान एक दृश्य संपते. गर्दीत एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने करता येईल असा हा तपास आहे.

परंतु सोय हे आकर्षणाचे पूर्ण स्पष्टीकरण नव्हे. एका खोलीत संसार मांडणाऱ्या उपनगरी घरात माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकांत, फ्रिजच्या डोक्यावर वस्तूंचे थर साचतात. शिधापत्रिका, विजेचे बिल, मुलाचा कंपास, सासऱ्यांचा चष्मा हुडकण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीकडे असते. त्या शोधाला यश येईलच असे नसते आणि आले तरी त्याची नोंद कोणी घेत नाही. खेळातील अडगळ याच्या नेमकी उलट आहे. वस्तू दृश्यात आहे याची हमी आहे, सापडल्याची पावती आहे आणि यादीला शेवट आहे. रहस्यकथा न्यायाचे आश्वासन देते, असे म्हटले जाते. हा खेळ त्याहून माफक, पण रोजच्या जगण्यात तितकेच दुर्मीळ आश्वासन देतो.

खेळात अर्थाचा खरा प्रश्न एकाच ठिकाणी उभा राहतो, आणि ते ठिकाण चित्रात नसून यादीत आहे. इंग्रजी यादीत 'बॅट' असे लिहिलेले असेल तर फळी शोधावी की वटवाघूळ? 'बो' म्हणजे फीत की धनुष्य? 'नेल' म्हणजे खिळा की नख? सोस्यूरने चिन्हाची यादृच्छिकता सांगितली, तिचा अनुभव खेळणाऱ्याला येथे प्रत्यक्ष येतो. त्या क्षणापुरता प्रीफेक्ट थबकतो आणि द्यूपँ जागा होतो. घाटकोपरच्या मराठी खेळणाऱ्याला ही अडचण दुहेरी होते, कारण शब्द परक्या भाषेचा आणि वस्तूही पुष्कळदा परक्या घरातली असते.

ही यादी मराठीत आली तर तिचे केवळ भाषांतर होणार नाही. 'पान' हा एकच शब्द झाडाकडे, पुस्तकाकडे, तबकाकडे आणि जेवणाच्या पंगतीकडे बोट दाखवील; 'पेटी' कपड्यांची की स्वरांची, असा पेच पडेल. शब्द बदलताच दृश्यही नव्याने रचावे लागेल. ज्या संहितेला केवळ वस्तूंची नावे उरली आहेत असे वाटते, तीदेखील एका भाषेच्या घरात राहते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

या सर्व विवेचनाचा संबंध केवळ एका करमणुकीशी नाही. यादी हाती घेऊन दृश्य धुंडाळण्याची रीत वाङ्मयाच्या अभ्यासातही मुरली आहे. प्रतिमा, प्रतीक, मिथक, विरोधाभास अशी नावे विद्यार्थ्याला आधी मिळतात. मग कवितेतून ती ती वस्तू उचलावयाची, यादीतील नाव खोडावयाचे आणि कविता संपली असे मानावयाचे. असे वाचन चुकत नाही, कारण यादीत असलेलेच ते शोधते. परंतु यादीत नसलेले, डोळ्यांसमोर असूनही खूण म्हणून ओळखू न आलेले, असे काही प्रत्येक समर्थ संहितेत असते आणि समीक्षेचे काम तेथून सुरू होते. वस्तुशोधाचा खेळ खेळणाऱ्याला यादी असल्याचे निदान उघडपणे सांगतो. समीक्षेतील यादी बहुधा अदृश्य असते. म्हणून ती हुडकून काढणे अधिक निकडीचे आहे.