ख्रिस्तकथेचा मराठी वेष

एका धर्माचा ग्रंथ दुसऱ्या धर्माच्या लोकांच्या भाषेंत आणावयाचा म्हटला, म्हणजे आणणारापुढें व्याकरणाच्याही आधीं शब्दांच्या सोयरिकीचा प्रश्न उभा राहतो. शब्द एकटा येत नाहीं. तो आपलें गणगोत घेऊन येतो. ‘अवतार’ म्हटलें कीं मत्स्य, कूर्म, वराह डोळ्यांपुढें उभे राहतात. ‘पुनर्जन्म’ म्हटलें कीं चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा आठवतो. ख्रिस्ती शास्त्राप्रमाणें ईश्वर मनुष्यरूपानें एकदांच आला, आणि योहानाच्या शुभवर्तमानांतील नवा जन्म याच देहीं व्हावयाचा आहे. तेव्हां आमचे शब्द घ्यावे, तर अर्थ बिघडतो. न घ्यावे, तर ग्रंथ परका वाटतो. मराठींत या पेचास चारशें वर्षें होऊन गेलीं, आणि तीन थोर व्यक्तींनीं त्यांतून तीन निराळ्या वाटा काढिल्या. हिंदूंच्या श्रद्धेचा मान कोणत्या वाटेनें खरोखर राखला गेला, हें येथें पाहावयाचें आहे.

पहिली वाट फादर थॉमस स्टीफन्स यांची. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत जन्मलेला हा जेझुइट पाद्री १५७९ सालीं गोव्यास आला आणि चाळीस वर्षें तिकडेच राहून १६१९ सालीं वारला. त्याचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथांत पुराणिकाची बैठक आहे, ओवीचा संथ ओघ आहे, आणि आरंभीं मराठीचें मनापासून केलेलें स्तवन आहे. आमच्या वाङ्मयाच्या इतिहासांत त्यास जें मानाचें स्थान मिळालें, तें योग्यच होय. परंतु त्याचें प्रयोजन ग्रंथांतच सांगितलें आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं, म्हणून त्यांनीं त्यांच्या जागीं दुसरें पुराण मागितलें. ‘सुटलीं’ हा शब्द फार सौम्य झाला. साष्टींतील देवळें १५६० नंतरच्या दशकांत पोर्तुगीज सत्तेनें पाडिलीं होतीं, आणि हिंदूंच्या ग्रंथांवर तिचा रोष होता. ज्या ओवीस घरांतून घालविलें, तीच चर्चच्या दारानें परत आली. श्रोता गहिंवरला असेल, तर त्यांत तिच्या पूर्वपुण्याईचाही वांटा होता. कवीच्या अंगीं मराठीचें प्रेम होतें, याविषयीं शंका नाहीं. परंतु भाषेवर प्रेम करणें आणि त्या भाषेंत ज्या देवास आळवितात त्याचा मान राखणें, या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

या पुराणांतला ‘वैकुंठ’ हा एकच शब्द पाहा. स्टीफन्सनें तो ख्रिस्ती स्वर्गास लाविला. आतां वराळ्याहून देहू कांहीं दूर नाहीं, आणि आमच्या मावळांतल्या माणसास वैकुंठाची वाट पुस्तकांत शोधावी लागत नाहीं. देहूस गोपाळपुऱ्यांत नांदुर्कीच्या झाडापाशीं ती सुरू होते. फाल्गुन वद्य द्वितीयेस भर दुपारीं तेथें जमलेल्या वारकऱ्यांच्या मनांत त्या वाटेविषयीं संदेह नसतो. तुकोबांचें प्रयाण १६५० च्या सुमाराचें. ‘क्रिस्तपुराणा’ची दुसरी आवृत्ति १६४९ ची. म्हणजे सह्याद्रीच्या दोन बाजूंस एकाच काळीं या शब्दाचे दोन अर्थ गाइले जात होते. वारकऱ्याच्या वैकुंठांत विष्णु राहतो. विष्णूवांचूनचें वैकुंठ म्हणजे विठोबावांचूनची पंढरी. शिवाय वारकरी त्या वैकुंठासाठींही फारसा आसुसलेला नसतो. संतसंग मिळणार असेल, तर पुन्हां गर्भवास पत्करण्यास तो तयार असतो. हा सारा अर्थ टाकून नुसतें टरफल उचललें, तर शब्द हातीं लागतो, पण त्याचा जीव मागें राहतो. स्टीफन्सलाही हें ठाऊक असावें. कारण जेथें तिळमात्र गैरसमज नको होता, अशा कित्येक ठिकाणीं रोमन लिपींतील पाठांत लॅटिन-पोर्तुगीज संज्ञाच आढळतात. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखितांत त्यांच्या जागीं संस्कृत शब्द दिसतात.

दुसरी वाट पंडिता रमाबाईंची, आणि ती अगदीं उलट दिशेची. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या तीर्थोतीर्थीं पुराणें सांगत वाढली. १८७८ सालीं कलकत्त्याच्या पंडितांनीं तिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविलें. १८८३ सालीं इंग्लंडांत तिनें बाप्तिस्मा घेतला. पुढें केडगांवच्या मुक्ति-सदनांत हिब्रू व ग्रीक शिकून तिनें सबंध बायबलाचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं ती वारली. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. प्रचलित भाषांतरांतील पुराणांच्या आणि वेदांताच्या वासाचे शब्द तिला खपत नसत. खेड्यांतल्या निरक्षर बाईस कळेल अशी साधी मराठी हवी, आणि जुन्या धर्माच्या अर्थानें भरलेली संज्ञा नको, असा तिचा कटाक्ष होता.

वरवर पाहतां हा हिंदु संस्कृतीचा अनादर वाटेल. तिच्या मनांत जुन्या धर्माविषयीं कडवटपणा होता, हेंही खरें. तथापि निवाडा करण्यापूर्वीं थोडें थांबावें. ज्या बाईनें भागवत मुखोद्गत केलें होतें, तिला त्या शब्दांचें वजन स्टीफन्सपेक्षां अधिक ठाऊक होतें. दुसऱ्याच्या देवघरांतली वस्तु न मागतां उचलूं नये, हाही आदराचाच एक प्रकार आहे. मग तो मनांत धरलेला असो वा नसो. या मार्गाचा तोटाही उघड आहे. साधे शब्दही निष्कलंक नसतात. मुक्तीसाठीं ख्रिस्ती मराठींत ‘तारण’ हा शब्द रूढ आहे. पण कर्जापायीं जमीन तारण ठेवलेल्या कुणब्यास तो ऐकून प्रथम सावकारच आठवेल.

तिसरी वाट रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले. परंतु तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायांशीं पोंचलों, असें ते सांगत. अभंग, भजन, कीर्तन हें त्यांस कोठून आणावें लागलें नाहीं. तें त्यांच्या रक्तांतच होतें. १९१७ सालीं मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनीं ‘देवाचा दरबार’ आरंभिला, तो याच वृत्तीनें. ‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य १९१९ सालीं त्यांच्या निधनामुळें अपुरें राहिलें. तें पुढें नेलें लक्ष्मीबाईंनीं; ज्या बाईस शाळेचें शिक्षण असें मिळालेंच नव्हतें, तिनें त्यास पन्नासांहून अधिक अध्याय जोडिले. काव्याच्या दृष्टीनें सारे अध्याय सारखे उतरले आहेत, असें नाहीं. परंतु येथें परकेपणा नाहीं, कीं जिंकून घेतल्याचा भावही नाहीं. टिळक तुकोबांस साक्षीदार म्हणून उभे करीत नाहींत. गुरु म्हणून नमस्कार करितात. घेतलेल्या शब्दाचा मूळ मालक जिवंत आणि वंद्य आहे, ही जाणीव टिळकांपाशीं आहे, आणि सारा फरक तिनेंच पडला आहे.

यावरून एक भेद स्पष्ट होतो. भाषांतरकार वेगळा आणि कीर्तनकार वेगळा. लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या. मुलगा परत येतांच बाप पोसलेलें वासरूं कापावयास सांगतो. ऐन आनंदाच्या क्षणीं हिंदु श्रोत्याच्या काळजांत कांटा मोडतो. कीर्तनकारानें येथें ‘गांवजेवण घातलें’ म्हणावें. कांहींएक बिघडत नाहीं, कारण कथेचें मर्म दुरूनच मुलास ओळखून धांवत सुटलेल्या म्हाताऱ्या बापांत आहे. भाषांतरकारानें मात्र वासरूं वासरूंच ठेवावें. तें लपविणें म्हणजे वाचकास पोर समजणें होय. आणि ज्यास आपण पोर समजतों, त्याचा आदर कसा करणार?

अलीकडचे दोन प्रयत्न याच कसोटीस लावून पाहावे. २००८ सालीं मुंबईंत निघालेल्या इंग्रजी ‘न्यू कम्युनिटी बायबल’मध्यें मरिया भारतीय स्त्रीच्या वेषांत आली आणि टिपांत गीता-उपनिषदांचे दाखले आले. कांहीं कॅथलिकांनींच तक्रार केली, आणि २०११ सालीं सुधारलेली आवृत्ति काढावी लागली. चित्रांस कोणाची हरकत नसावी. येशूची आई खेड्यांतली गरीब बाईच होती. परंतु गीतेस दुसऱ्या ग्रंथाच्या तळटीपेंत बसविण्यानें तिचा मान वाढतो, असें वाटत नाहीं. उलट फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबला’नें चालत्या मराठीचा सरळ मार्ग धरिला, आणि २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार त्यास मिळाला.

सारांश, किती हिंदु शब्द घेतले यावर आदर मोजूं नये. घेतलेल्या शब्दास आपला अर्थ सोबत आणण्याची मोकळीक आहे काय, आणि ऐकणारास नाहीं म्हणण्याची मुभा आहे काय, हे दोन प्रश्न विचारावे. १६१६ च्या साष्टींत ही मुभा नव्हती, म्हणून ‘क्रिस्तपुराणा’चें सौंदर्य मान्य करूनही आम्हांस त्यांत आदर सांपडत नाहीं. काव्यांत टिळकांची वाट धरावी; भाषांतरांत रमाबाईंचा प्रामाणिकपणा तिच्या कडवटपणावांचून घ्यावा. दोन घरांमध्यें पूल असावा, हें खरें. पण पूल टिकावा म्हणून दोन्ही कांठ आपापल्या जागीं शाबूत असावे लागतात.