मंडेलांच्या ‘मी’मध्ये किती माणसं आहेत?

नेल्सन मंडेलांचं नाव निघालं की आपल्या बोलण्यात दोन गोष्टी हमखास येतात : २७ वर्षांचा तुरुंगवास आणि क्षमा. आधी सोसलं, मग माफ केलं, संपली गोष्ट! आज आपण त्यांचं ‘लाँग वॉक टू फ्रीडम’ हे १९९४ सालचं आत्मचरित्र समोर ठेवू या आणि ते खरंच एवढंच सांगतं का, ते पाहू. आमच्या मते या पुस्तकाचा खरा विषय संघटना हा आहे. क्षमा त्यात बरीच उशिरा येते, आणि तीही अटींसह.

आधी हे पुस्तक लिहिलं कसं गेलं ते बघा. १९७५ च्या सुमारास रॉबेन बेटावरच्या तुरुंगात वॉल्टर सिसुलू आणि अहमद कथ्राडा यांनी मंडेलांना आठवणी लिहायला सुचवलं. मंडेला रात्री लिहायचे, हे दोघे वाचून दुरुस्त्या सुचवायचे. मग लालू चिबा आणि मॅक महाराज तोच मजकूर मुंगीसारख्या बारीक अक्षरात उतरवून काढायचे. १९७६ मध्ये महाराज सुटले आणि ती प्रत लपवून बाहेर घेऊन गेले. मूळ कागद तुरुंगाच्या अंगणात पुरले होते. पुढे भिंतीचं काम निघालं आणि त्यातले काही सापडले. शिक्षा झाली मंडेला, सिसुलू आणि कथ्राडा या तिघांना : चार वर्षं अभ्यासाची सवलत बंद. म्हणजे ज्या आत्मचरित्रात पानोपानी ‘मी’ आहे, त्याची किंमत अनेकांनी मोजली. छापील पुस्तक याच हस्तलिखिताच्या पायावर, पुढे रिचर्ड स्टेंगल या पत्रकाराच्या साहाय्याने उभं राहिलं.

याला एवढं महत्त्व का द्यायचं? कारण वर्णभेदाची सगळी व्यवस्थाच माणसांना एकमेकांपासून तोडण्यावर उभी होती. ‘अपार्थाइड’ या शब्दाचा अर्थच मुळी वेगळेपण. १९५० च्या एका कायद्याने प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद केली, त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने कोणी कुठे राहायचं ते ठरवलं. सोळा वर्षांवरच्या आफ्रिकी माणसाला पासबुक खिशात ठेवल्याशिवाय घराबाहेर पडायची सोय नव्हती. हीच वाटणी तुरुंगातही. १९६४ मध्ये जन्मठेप होऊन ही मंडळी बेटावर आली तेव्हा भारतीय वंशाच्या कथ्राडांना लांब पँट मिळाली, आणि त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या मंडेलांना अर्धी चड्डी. आफ्रिकी माणूस कितीही मोठा झाला तरी तो पोरगाच, हा त्यातला हिशेब. पाव कथ्राडांना मिळे, मंडेलांना नाही. आता याच कथ्राडांच्या हाती मंडेलांची पानं जातात आणि दुरुस्त होऊन परत येतात, हे लक्षात घ्या. राज्याने जे तोडलं ते या पानांवर जोडलं गेलं. आमच्या दृष्टीने या पुस्तकाची थोरवी इथे आहे.

मग यात उणं काहीच नाही का? आहे. पुस्तक आलं तेव्हा मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले होते, आणि देश सांभाळणाऱ्या माणसाचा सावधपणा त्यात जाणवतो. कम्युनिस्ट पक्षाशी त्यांचं नातं हे ठळक उदाहरण. ते सहकारी होते, सभासद नव्हते, अशीच प्रतिमा पुस्तकातून उभी राहते. २०१३ मध्ये त्यांच्या निधनानंतर मात्र त्या पक्षाने जाहीर केलं, की १९६२ च्या अटकेवेळी ते पक्षाच्या मध्यवर्ती समितीवर होते. त्यामुळे हे पुस्तक साक्ष म्हणून जरूर वाचावं, पण साक्षीची उलटतपासणी करायची असते हेही विसरू नये.

आता क्षमेकडे येऊ. २१ मार्च १९६० रोजी शार्पव्हिलला पासविरोधी निदर्शकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसं गेली. पाठोपाठ आफ्रिकन नॅशनल काँग्रेसवर बंदी आली. १९६१ मध्ये सशस्त्र संघटना उभारणाऱ्यांत मंडेला पुढे होते. १९८५ मध्ये हिंसा नाकारा आणि सुटा, असा प्रस्ताव राष्ट्राध्यक्ष बोथांनी ठेवला. मंडेलांनी तो धुडकावला, आणि त्यांचं उत्तर त्यांची मुलगी झिंझी हिने सोवेटोच्या सभेत वाचून दाखवलं. सशस्त्र लढा स्थगित झाला तो ऑगस्ट १९९० मध्ये, बंदी उठल्यावर आणि वाटाघाटी सुरू झाल्यावर. पुढे सत्यशोधन आणि समेट आयोगानेही सरसकट माफी दिली नाही. राजकीय गुन्ह्याची माफी हवी तर आधी केलेलं कृत्य पूर्ण सांगा, ही अट होती.

हा क्रम गाळून आपण मुलांना नुसती क्षमा शिकवली, तर ते काय शिकतील? की अन्याय झालेल्याचं पहिलं कर्तव्य माफ करणं! अन्याय करणाऱ्याला यापेक्षा सोयीचा धडा कुठला असेल? मंडेलांचा पुतळा करणं सोपं आहे. पुतळ्याला सहकारी नसतात, अटी नसतात. पुस्तकातल्या मंडेलांना या दोन्ही आहेत, म्हणून ते वाचायचे.