अर्जावरचे नाव

नोकरीच्या अर्जात सर्वांत आधी वाचले जाते ते उमेदवाराचे नाव. आणि आमच्या गुजरातेत तर त्याही आधी आडनाव. शाळेच्या दाखल्यापासून कचेरीतील ज्येष्ठतायादीपर्यंत आडनाव, नाव, वडिलांचे नाव हाच क्रम येथे रूढ आहे. सेवाकाळात अशा याद्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. म्हणूनच की काय, आत्मकथने वाचताना त्यांतील नावांकडे आमचे लक्ष अधिक जाते. या दृष्टीने दोन आत्मपर लेखने आणि एक संशोधनलेख शेजारी ठेवून वाचण्याचा येथे विचार आहे.

पहिले लेखन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. मूळ इंग्रजी, छोटेखानी, त्यांच्या हयातीत अप्रकाशित. वडोदऱ्याच्या वाचकाला ते परके वाटण्याचे कारण नाही. त्यातील एक प्रकरण आपल्याच गावी घडते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेला हा पदवीधर १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास आला आणि त्याला राहावयास जागा मिळेना. शेवटी पारशी धर्मशाळेत सोय झाली, ती नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या बोलीवर. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. त्यानंतरचा दिवस कामाठीबागेत बसून गेला व रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागली.

प्रकरणाची ताकद त्याच्या कोरडेपणात आहे. लेखक आपले दुःख सांगत बसत नाही; कोण काय म्हणाले, दिवसाचे भाडे किती, गाडी किती वाजता, असा हिशेब देतो. घेतलेले पारशी नाव कोणते, हेही तेथे येत नाही. आम्हांस ही गाळलेली जागा फार बोलकी वाटते. दहा दिवसांपुरते अंगावर घातलेले नाव त्यांनी वाचकासमोर पुन्हा उच्चारलेच नाही.

आता संशोधनलेखाकडे वळू. सुखदेव थोरात व पॉल ॲटवेल यांचा हा लेख २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ६६ आठवड्यांत ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता तीच, फरक फक्त नावाचा : उच्चवर्णीय हिंदू, दलित आणि मुसलमान. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत बोलावणे येण्याच्या संभाव्यतेचे गुणोत्तर दलित नावाला ०.६७ आणि मुसलमान नावाला ०.३३ निघाले.

साहित्याच्या वाचकाने या आकड्यांपाशी थांबले पाहिजे. आत्मकथनात अपमानाला प्रसंग असतो. दार असते, दारात माणूस असतो, त्याचे शब्द असतात. येथे काहीच नाही. अर्ज गेला, उत्तर आले नाही, आणि का आले नाही हे अर्जदाराला कधी कळणार नाही. जे घडले ते ठाऊकच नसलेल्या माणसाने ते लिहावे तरी कसे? ही उणीव आमच्या साहित्याची नव्हे, अनुभवाच्या जातीचीच आहे. आणि ती भरून काढण्याचे काम त्या रूक्ष लेखाने केले, एवढे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तथापि लेखाच्या पद्धतीविषयी आम्हांस एक शंका आहे. वाचताक्षणी ओळखू येतील अशीच नावे तीत उपयोगी. मराठी आडनावे मात्र इतकी आज्ञाधारक नाहीत. गायकवाड म्हटले की वडोदऱ्यात राजवाडा आठवतो. नाशिककडे त्याच आडनावाने दादासाहेब गायकवाड आठवतात, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले. पवार, जाधव, मोरे यांचेही तसेच. कुलकर्णी म्हणावे तर तो धारवाडचा कानडी भाषिक असू शकतो. अशा संदिग्ध नावाचा उमेदवार पहिले दार ओलांडतो. मग मुलाखतीत ‘मूळ गाव कोणते, घरी काय करतात?’ असे सहज विचारले जाते. सुरिंदर जोधका व कॅथरिन न्यूमन यांनी त्याच वर्षी नोकरी देणाऱ्यांशी बोलून या ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’च्या प्रश्नाची चिकित्सा केली आहे. थोरातांचा लेख तिच्यासह वाचावा, असे आम्ही सुचवू. दिल्लीत झालेल्या व २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अशाच प्रयोगात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातिनिहाय फरक आढळला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र इतर मागासवर्गीय नावे मागे पडली. म्हणजे सर्व दारे सारखी नाहीत, हेही नोंदविणे भाग आहे.

दुसरे आत्मपर लेखन दया पवारांचे ‘बलुतं’, १९७८ चे. त्याची रचनाच नावावर उभी आहे. दगडू मारुती पवार आपली कहाणी सांगतो आणि दया पवार ती ऐकतो, माणूस एकच. कित्येक समीक्षक याला निवेदनाची युक्ती समजतात. आम्हांस ती युक्ती वाटत नाही. शिकून कचेरीत बसलेल्या माणसाला वस्तीतले नाव हाक मारते, आणि कचेरीतले नाव त्या हाकेला ओ देऊ शकत नाही, ही अडचण त्याशिवाय सांगताच आली नसती. मनुस्मृतीने शूद्राचे नाव निंदादर्शक असावे असे म्हटले आहे. ‘दगडू’ हे नाव त्या शेजारी ठेवले, की पुस्तकातील हा विभागलेला ‘मी’ कोठून आला ते उमगते.

कचेरीतील हाकांचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. मराठी कचेरीत साहेब आडनावाने ओळखला जातो आणि शिपाई नुसत्या नावाने. ‘देशपांडेसाहेब’ आणि ‘ए शंकर’ एकाच दालनात नांदतात. गुजरातेत आम्ही निराळा प्रकार पाहिला. येथे अधिकारी रमेशभाई, कारकून रमेशभाई, चहा आणणाराही रमेशभाईच. बोलण्यातून आडनाव जणू नाहीसे होते. नव्याने आलेल्या मराठी माणसाला हे प्रथम सलगीचे वाटते, मग सुखाचे वाटू लागते. ज्येष्ठतायादी भिंतीवर लागली, की मात्र सारे रमेशभाई आपापल्या आडनावाखाली पुन्हा वेगळे दिसू लागतात.