घुमटाचे श्रेय

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील कलाशाखेच्या इमारतीचा विषय निघाला, की विजापूरच्या गोलघुमटाशी तिची तुलना ठरलेली. आकाराने तो पहिला, हा दुसरा, एवढे सांगून वर्णनकर्ते मोकळे होतात. आमच्या मते ही तुलना वास्तूचे माप सांगते, मर्म नव्हे. विजापूरचा घुमट महंमद आदिलशहाच्या कबरीवर आहे, बडोद्याचा विद्यालयावर. कळस कितीही उंच असो, भाविक देवळात येतो तो गाभाऱ्यातील मूर्तीसाठी.

भारतीय व बायझंटाईन कमानी, विटा आणि रंगीत दगड यांच्या या मिलाफास खिचडी म्हणणारेही आहेत. त्यांस आमचे एवढेच सांगणे, की बेताने शिजलेली खिचडी हे पूर्णान्न असते.

आमची खरी तक्रार श्रेयाविषयी आहे. ही वास्तू सर्वस्वी सयाजीराव महाराजांच्या नावे लिहिण्याचा प्रघात पडला आहे. परंतु कागदपत्रांत आयुष्य घालविणाऱ्या आम्हांस तारखा दृष्टीआड करता येत नाहीत. बडोदा कॉलेजची स्थापना १८८१ सालची. महाराजांस राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले ते त्याच वर्षी २८ डिसेंबरला. तत्पूर्वी कारभार पाहत होते दिवाण सर टी. माधवराव. त्यांचा जन्म कुंभकोणम् येथील, घराणे तंजावरकडील मराठी. वास्तुशिल्पी रॉबर्ट चिझम हेही मद्रासेत नावारूपास आलेले. तेथील विद्यापीठाचे सेनेट हाऊस त्यांचेच. म्हणजे गुजरातेतील या विद्यामंदिराचा आरंभ दक्षिणेत वाढलेल्या एका मराठी माणसाच्या कारकिर्दीतला आहे. दूरदेशी स्थायिक झालेल्या आपल्या समाजास याचे विस्मरण होणे बरे नव्हे.

याने महाराजांचे मोठेपण उणावते काय? मुळीच नाही. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. घुमट द्रव्याने उभा राहतो. त्याखाली बसण्याजोगी मुले खेड्यापाड्यांतून घडविणे हा राजधर्म होय. याच कॉलेजात अरविंद घोषांनी अध्यापन केले, येथेच विनोबा शिकले. १९४९ साली कॉलेज विद्यापीठात सामावले, आणि विद्यापीठास महाराजांचे नाव मिळाले ते योग्यच झाले.

देवळाच्या जीर्णोद्धारात देणगीदारांच्या पाट्या आपण लावतो. एक नाव ठळक कोरण्यासाठी दुसरे पुसावे, हे मात्र धर्मास धरून नाही. इतिहास लिहिणारांसही हाच दंडक लागू आहे.