बालशिक्षणातील रंग व छटा : एक चिकित्सक विचार

पूर्वप्राथमिक वर्गात रंगांची ओळख करून देण्याची पद्धत बहुधा ठरलेली असते. छापील चित्र, रंगखडूंची पेटी आणि रेषेबाहेर जाऊ नये अशी सूचना. सफरचंद लाल, पान हिरवे, एवढे सांगता आले की पाठ पूर्ण झाला असे मानले जाते. अशा पाठात मूल रंगाचे नाव शिकते. रंग पाहण्यास शिकतेच असे नाही.

डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी या प्रश्नाचा शास्त्रीय विचार केला. त्यांच्या रंगपट्ट्यांच्या तिसऱ्या पेटीत एकेका रंगाच्या छटा गडदापासून फिकटापर्यंत क्रमाने लावायच्या असतात. मुलाने तुलना करावी व आपली चूक आपल्याच डोळ्यांनी ओळखावी, हा त्यामागील हेतू. परंतु पट्टीवरील रंग वस्तूपासून अलग झालेला असतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाड येथे केलेल्या कार्यात पाने, फुले, बिया, दगड ही परिसरातील साधनेच शिक्षणाची साधने झाली. ही उणीव त्यामुळे भरून निघाली.

हैदराबादच्या हिमायतनगरसारख्या बहुभाषिक वस्तीत हा विचार आणखी पुढे नेणे आवश्यक आहे. उर्दू घरात 'प्याजी', 'फिरोजी', 'सुरमई' हे शब्द आहेत; मराठी घरात 'डाळिंबी', 'अबोली', 'मोरपंखी'. तेलुगूत 'पसुपु' म्हणजे हळद आणि पिवळा रंगही. यांतील प्रत्येक शब्दामागे एक वस्तू उभी आहे. वर्गात मात्र प्याजी, अबोली, डाळिंबी या सर्वांचे 'पिंक' होते. मुलाने 'प्याजी' म्हटले तर ते चूक ठरते. वस्तुतः तेच उत्तर अधिक अचूक असते.

यावर उपाय खर्चिक नाही. पाच वाट्यांत सारखा पांढरा रंग घेऊन त्यात लाल रंगाचे थेंब एकेकाने वाढवत न्यावेत. मुलांनी त्या छटा कागदावर क्रमाने लावाव्यात व प्रत्येक छटेचे नाव घरी विचारून यावे. उत्तरे वेगवेगळी येतील. त्यांतील फरकावर बोलणे हाच खरा पाठ होय.

इंग्रजी नावे शिकवू नयेत, असा याचा अर्थ नव्हे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण देण्याची शिफारस आहे. महाविद्यालयातून बाहेर पडणारे आपले विद्यार्थीच उद्या बालवाडीत शिकवणार आहेत. म्हणून हा विषय केवळ चित्रकलेच्या शिक्षकाचा नाही, भाषेच्या अध्यापकाचाही आहे. छटेचा शब्द हरवला की ती छटा पाहण्याची सवयही हळूहळू सुटते.